पेसमेकरचा होम मॉनिटर सारखा डिस्कनेक्ट होतोय? आधी हे बघा

नवीन पेसमेकर बसवला की हल्ली बऱ्याच पेशंटना घरी जाताना एक छोटा डबा देतात, होम मॉनिटर, आणि "पलंगाशेजारी लावून ठेवा, बाकी काही करायचं नाही" एवढंच सांगून पाठवतात. आमच्याकडे आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला (म्हणजे ठोक्याचा विजेचा इशारा हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही) तेव्हा असाच आला. लावला, सुरुवातीला नीट चालला, क्लिनिककडून कनेक्ट झाल्याचा निरोपही आला, आणि मग दर थोड्या दिवसांनी तिकडून फोन यायला लागला की आजोबांचा मॉनिटर डिस्कनेक्टेड दाखवतोय, जरा बघून घ्या. आता बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं ते कोणी सांगत नाही. जाऊन बघावं तर लाईट चालू, प्लग लावलेला, सगळं जागच्या जागी, बंद करून चालू केलं की काही रात्री चालणार आणि परत तेच. आम्ही मुंबईत लालबागला राहतो, ओळखीत पेसमेकरवाली बरीच मंडळी आहेत आणि ज्यांच्याकडे हा डबा आहे त्यांच्याकडून हेच रडगाणं ऐकलंय, म्हणून जे जे कळलंय ते सगळं इथे सविस्तर लिहितेय.

आधी भीतीचं बोलू, कारण घरातले सगळ्यात जास्त घाबरतात ते इथेच. मॉनिटर बंद पडला म्हणजे पेसमेकर बंद पडला असं अजिबात नाही. पेसमेकरची बॅटरी त्याच्या आतच असते, साधारण ८ ते १२ वर्षं जाते, आणि घरातली लाईट गेली, नेटवर्क गेलं, मॉनिटर माळ्यावर टाकून दिला तरी तो आपलं काम करतच राहतो. मॉनिटर फक्त त्यात साठलेली माहिती वाचून पुढे पाठवतो, म्हणजे बॅटरी किती उरलीये, हृदयात गेलेल्या तारा नीट आहेत का, किती टक्के ठोके पेसमेकरने द्यावे लागले, मधे कधी ठोके अनियमित झाले होते का, असं सगळं. ते डॉक्टरांच्या टीमला कॉम्प्युटरवर दिसतं, पण चोवीस तास कोणी त्या स्क्रीनसमोर बसलेलं नसतं, क्लिनिकच्या वेळेत बघितलं जातं.

त्यामुळे याची दुसरी बाजूही तेवढीच पक्की लक्षात ठेवा. चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला तर मॉनिटरकडे बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं किंवा १०८ लावायचा. टाक्यांच्या जागी लाली, सूज, पू किंवा ताप आला तर ते या डब्याला कळतच नाही, डॉक्टरांनाच दाखवावं लागतं. आणि उचकी थांबतच नाहीये किंवा छाती-पोटाचा स्नायू सारखा उडतोय असं झालं तर तेही त्याच दिवशी कळवा, तार जागची सरकली असेल तर असं होऊ शकतं, नवीन पेसमेकरमध्ये तर विशेष लक्ष ठेवा.

आता मूळ भानगड. आपल्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी आलं नाही की आपण पहिला प्रश्न काय विचारतो, की म्युनिसिपालिटीचं पाणी खालच्या टाकीत आलंच नाही का आलंय पण पंप चालू केला नाही? कारण त्यावरून वॉचमनला हाक मारायची का वॉर्ड ऑफिसला फोन करायचा ते ठरतं. इथेही तसंच आहे. पेसमेकरकडून मॉनिटरपर्यंत हा पहिला टप्पा, तो रेडिओने होतो, घरातल्या घरात. मॉनिटरकडून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत हा दुसरा टप्पा, तो मोबाईल नेटवर्कने किंवा वायफायने होतो. "डिस्कनेक्टेड" हा एकच शब्द दोन्हीसाठी वापरतात आणि त्यामुळे आपण नेटवर्कला शिव्या घालत बसतो आणि भानगड पलंगाजवळ असते, किंवा उलटं.

म्हणून क्लिनिकमधून फोन आला की लगेच हो हो करून ठेवून देऊ नका, एवढं विचारा: मॉनिटरच तुमच्याशी बोलत नाहीये का मॉनिटर बोलतोय पण त्याला पेसमेकर सापडत नाहीये? आणि शेवटचा डेटा कुठल्या तारखेचा आहे? त्यांना स्क्रीनवर बहुतेक वेळा हा फरक दिसतो, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी हे विचारायला लागल्यापासून अर्धं काम फोनवरच व्हायला लागलं.

मॉनिटरच बोलत नाहीये असं उत्तर आलं तर नेटवर्कच्याही आधी प्लग. हसू नका, प्लगच. बऱ्याच मॉनिटरमध्ये बॅकअप बॅटरी नसते (काही छोट्या मॉडेलमध्ये असते), आणि बाहेरून आलेल्या ॲडॉप्टरला कधी कधी दोन गोल पिना असतात, त्या आपल्या सॉकेटमध्ये जातात पण घट्ट बसत नाहीत. केर काढताना झाडूचा धक्का लागला की ॲडॉप्टर अर्धा बाहेर लटकतो, हात लावला की लाईट लागते, सोडला की जाते, आणि दिवसा आपण बघतो तेव्हा नेमकी लागलेली असते. चांगल्या प्रतीचा घट्ट बसणारा प्लग कन्व्हर्टर घ्या, लोहार चाळीत मिळतो, गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळतो, पण सैल मल्टीप्लगवर मल्टीप्लग लावून ते लोंबकळतं प्रकरण करू नका. आणि ज्या बोर्डवर इस्त्री, मिक्सर, फोनचे चार्जर अशी सारखी ये-जा असते तो बोर्ड तर नकोच, कोणीतरी कधीतरी "हे कशाचं आहे" म्हणत नेमका हाच काढणार.

मग बटण. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करायची सवय असते, ती आयुष्यभराची काटकसर आहे, तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. आप्पा तर मिलमधून रिटायर झालेले, उगाच लाईट जळलेली त्यांना बघवत नाही. बोर्डवर सहा बटणं एका रांगेत, सगळी सारखी पांढरी, अंधारात हात फिरवला की पंख्याचं सोडून सगळी खाली. मग मी त्या एका बटणावर माझी मोठी लाल टिकली चिकटवली आणि आप्पांना बोट लावून दाखवलं, म्हटलं आप्पा, टिकली हाताला लागली की ते बटण तुमच्या डॉक्टरांचं, ते चालू ठेवायचं. त्यांना पटलं, कारण काय बंद करायचं नाही आणि का ते दोन्ही कळलं. नुसतं "हात लावू नका" म्हटलं असतं तर मान हलवून परत बंद केलं असतं. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हेच दाखवून ठेवा, आणि मावशी बदलल्या की नव्या मावशींना परत.

गावाला जाताना मेन स्विच पाडून जायची पद्धत असेल तर पेशंट घरीच राहणार असेल तेव्हा साहजिकच पाडणार नाही, पण पेशंटला मुलीकडे ठेवून बाकीचे गावाला गेले तर मॉनिटर इथेच बंद पडून राहतो आणि मग क्लिनिकचा फोन येतो. पेशंट जिथे, डबा तिथे. लाईट गेली आणि आली तर मॉनिटर परत चालू व्हायला, नेटवर्क शोधायला थोडी मिनिटं घेतो, तेवढ्यात सारखं ऑन-ऑफ करू नका, निवांत होऊ द्या.

प्लग आणि बटण ठीक असेल तर नेटवर्क. बऱ्याच मॉनिटरमध्ये सिम आतच बसवून येतं, आपण रिचार्ज करायचं नाही, बदलायचंही नाही. पण म्हणूनच "माझ्या फोनला तर फुल रेंज आहे" या वाक्याला काही अर्थ नसतो, कारण तुमचा फोन ज्या कंपनीच्या आणि ज्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो त्यावर मॉनिटर चालत असेलच असं नाही. जिओ २०१६ मध्ये आलं तेच फक्त फोरजी घेऊन, त्यांचं टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच, आणि एअरटेलने २०२० पर्यंत आपलं थ्रीजी बंद केलं. म्हणजे आत जुना थ्रीजीवाला मोडेम असलेला मॉनिटर हातात आला तर तो टूजीवर उतरून कसाबसा चालतो किंवा रेंज शोधत बसतो. त्यामुळे मॉनिटर मिळतानाच विचारून घ्या की यातला मोडेम फोरजीचा आहे का, आणि नसेल तर बदलून मागा. मागितल्याशिवाय कोणी बदलून देत नाही, पण नीट कारण सांगून मागितलं की देतात असा माझा अनुभव.

मुंबईत रेंजचं गणित घरागणिक वेगळं आहे. जुन्या चाळींच्या आणि दगडी बिल्डिंगच्या जाड भिंती, आतली खोली, तिथे सिग्नल पोचत नाही. रीडेव्हलपमेंटच्या नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर खिडकीतून अख्खं शहर दिसतं पण रेंज डळमळीत असते, कारण मोबाईलच्या टॉवरचे अँटेना खालच्या बाजूला रोखलेले असतात. आणि आमच्याकडे गणपतीत जी गर्दी होते त्या दिवसांत साधा फोन लागत नाही, तिथे मॉनिटरचं काय. अशा वेळी एखादी रात्र चुकली तर घाबरायचं कारण नाही, डेटा पेसमेकरमध्ये साठलेला असतो आणि मॉनिटर नंतर परत प्रयत्न करतो. विसर्जनानंतरही सुरळीत झालं नाही तर मग बघायचं. मॉनिटरवर रेंजच्या दांड्या किंवा लाईट असेल तर तो हळूहळू खिडकीच्या बाजूला सरकवत न्या, थोडं थांबा, बघा, पण पलंगापासून लांब गेला की पहिला टप्पा तुटतो, दोन्ही सांभाळायचं असतं. अजिबातच जमत नसेल तर कंपनीकडे विचारा, काही मॉनिटरना वायफायला जोडायची सोय असते. जुने काही लँडलाईनवर चालणारेही घराघरांत आहेत, त्यांना साधी ॲनालॉग लाईन लागते, लँडलाईन फायबरवर गेली की ते अचानक मुके होतात आणि घरात कोणालाच कळत नाही की परवा लाईनमन येऊन गेला त्याचा हा परिणाम.

आता दुसरं उत्तर, की मॉनिटर बोलतोय पण पेसमेकर सापडत नाही. परत परत येणाऱ्या त्रासाचं खरं मूळ माझ्या मते बहुतेक घरांत इथे असतं.

पेसमेकर मॉनिटरशी ज्या रेडिओवर बोलतो त्याची ताकद मुद्दाम खूप कमी ठेवलेली असते, नाहीतर बॅटरी बोलण्यातच संपायची. शरीरात बसवलेल्या उपकरणांसाठी जगभर ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ असा पट्टा राखून ठेवलेला आहे, बरेच पेसमेकर तोच वापरतात, काही नवे ब्लूटूथ वापरतात. कुठलाही असो, आवाका साधारण २-३ मीटरचा, म्हणजे पलंगाच्या उशाशी ठेवलेल्या टेबलापर्यंतचा. आणि वाचायची वेळ बहुतेक मॉडेलमध्ये मध्यरात्रीनंतरची ठरवलेली असते, माणूस झोपलेला, एका जागी स्थिर असतो म्हणून. त्या वेळी पेशंट त्या २-३ मीटरमध्ये नसेल तर मॉनिटर हाका मारून दमतो आणि सकाळी "पेसमेकर सापडला नाही" असं कळवतो. आणि आपण सकाळी बघायला जातो तेव्हा आप्पा पलंगावर चहा घेत बसलेले असतात.

आपली मुंबईची घरं अशी आहेत का की प्रत्येकाचा पलंग ठरलेला? मे महिन्यात एसी असलेल्या खोलीत सगळे एकत्र झोपतात, पाहुणे आले की म्हातारी माणसं स्वतःहून आपली जागा देतात, उकडायला लागलं की गॅलरीत गादी टाकतात, पावसात खिडकीतून पाणी आलं की पलंगच सरकवावा लागतो. आमच्याकडे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहायला सुरुवात केली, क्लिनिकने सांगितलेली डेटा न आल्याची तारीख आणि त्या रात्री आप्पा कुठे झोपले होते. थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. माझ्या मुलीची परीक्षा होती, ती रात्री हॉलमध्ये लाईट लावून अभ्यास करायची, आणि आप्पा "तिला बसू दे निवांत, मी आत आडवा होतो" म्हणून आतल्या खोलीत जाऊन झोपायचे. मॉनिटर हॉलमध्ये दिवाणाच्या उशाशी. पेपर असले की डिस्कनेक्टेड, सुट्टी लागली की सुरळीत. कंपनीचा माणूस घरी येऊन मशीन बघून गेला होता, मशीन ठीकच होतं, ते बिचारं रिकाम्या दिवाणाशी बोलत होतं.

यावर उपाय म्हणून "आप्पा, तुम्ही दिवाणावरच झोपायचं" असं सांगणं सोपं आहे पण मला ते बरोबर वाटत नाही. आधीच ऑपरेशन, हात खांद्याच्या वर उचलू नका, जड उचलू नका असे नियम पहिले काही आठवडे असतातच, त्यात झोपायच्या जागेवरही पहारा बसवला तर माणसाला आपण आजारी आहोत हेच दिवसरात्र आठवत राहतं. डबा हलका असतो, तो उचलून नेणं घरच्यांचं काम. आम्ही आतल्या खोलीतही एक सॉकेट नक्की करून ठेवलं, तिथेही टिकली लावली, आणि रात्री जेवणं झाली की मुलगीच विचारते, आजोबा आज कुठे, आणि डबा तिकडे जातो. फक्त पेशंटला स्वतःला वाकून, पलंगाखाली हात घालून प्लग लावायला देऊ नका, निदान टाके आणि तारा बसेपर्यंत तरी.

ठेवायच्या जागेचं पण थोडं आहे. लोखंडी कपाट हा या रेडिओचा मोठा शत्रू, मॉनिटर आणि पलंगाच्या मधे ते उभं असेल तर २ मीटरच्या आत असूनही काही पोचत नाही, कपाटाच्या डोक्यावर ठेवला तरी तसंच. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर यांच्या ढिगात ठेवू नका, दोन-तीन फूट लांब बरा. साधारण गादीच्या उंचीच्या टेबलावर, मधे काही आडवं न येता, आणि शक्यतो पेसमेकर ज्या बाजूला आहे त्या बाजूला, कारण शरीरही थोडा सिग्नल शोषतं. वर शोभेचं फडकं घालू नका, आणि धूळ पुसताना ओलं फडकं नको. रात्रपाळी करणारा किंवा दिवसा झोपणारा पेशंट असेल तर क्लिनिकला सांगा, काही मॉडेलमध्ये वाचायची वेळ बदलून मिळते.

काही मॉनिटरमध्ये हे आपोआप होत नाही, एक रीडर हातात धरून पेसमेकरच्या वर ठेवावा लागतो. त्यात चूक होते ती जागेची, लोक हृदय डावीकडे म्हणून छातीच्या मध्यावर ठेवतात, पण पेसमेकर असतो कॉलरबोनच्या खाली, जिथे टाके आहेत तिथे, आणि तो उजवीकडेही बसवलेला असू शकतो. पातळ सदऱ्यावरून चालतं, पण रीडर हलला की परत पहिल्यापासून. खुर्चीत टेकून बसवा, कोपराखाली उशी द्या, आणि पूर्ण झाल्याची खूण येईपर्यंत बोलू नका म्हणण्यापेक्षा तुम्हीच रीडर धरून बसा, वयस्कर हात थरथरतो.

डब्याऐवजी मोबाईल ॲपमधून माहिती पाठवणारा पेसमेकर असेल तर त्रास वेगळे. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप झोपवून टाकतो, आणि रात्री नेमकं हेच ॲप चालायला हवं असतं. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, ऑटोस्टार्ट असा पर्याय असेल तर चालू करा, ब्लूटूथ आणि जवळची उपकरणं शोधायची परवानगी दिलेली आहे का बघा, जुन्या अँड्रॉइडमध्ये लोकेशनही चालू लागतं. सगळी ॲप वर ढकलून बंद करायची सवय नातवंडांना असते, त्यांना सांगून ठेवा. ब्लूटूथच्या यादीत पेसमेकरचं अनोळखी नाव दिसलं म्हणून कोणी ते काढून टाकलं तर जोडणी तुटते, परत जोडायची ती ॲपमधूनच. फोन बदलला की नवीन फोनवर परत सेटअप लागतो, आणि नवीन फोन घ्यायच्या आधी तो मॉडेल चालतो का ते कंपनीच्या यादीत बघून घ्या. फोन रात्री चार्जिंगला स्वयंपाकघरात ठेवला तर काही उपयोग नाही, तो पलंगाशेजारी हवा, पण उशीखाली किंवा छातीवर नाही. पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर तरी लांब, म्हणजे वीतभर अंतर, आणि ज्या फोनमध्ये किंवा चार्जरमध्ये चुंबक असतं तो वायरलेस चार्जिंगला असेल तर ३० सेंटिमीटर. सदऱ्याच्या डाव्या खिशात फोन ठेवायची सवय पण आता सोडायची, पेसमेकर डावीकडे असेल तर.

एक गोष्ट विशेष सांगायची आहे. काळजीपोटी घरातले सारखं मॉनिटरचं बटण दाबून डेटा पाठवतात, आज जरा गळल्यासारखं वाटतंय, पाठवा. असं करू नका. वाचायला पेसमेकरची स्वतःची बॅटरी वापरली जाते, ठरलेल्या वेळी होतं ते हिशोबात धरलेलं असतं, वरचं नाही, आणि तिकडे कोणी त्या क्षणी बघतही नसतं. क्लिनिकने सांगितलं तरच बटण दाबा. बरं वाटत नसेल तर माणसाला फोन करा.

हे सगळं ठीक असून पहिल्या दिवसापासूनच काही जात नसेल तर भानगड रजिस्ट्रेशनची असू शकते. मॉनिटर नुसता लावून चालत नाही, क्लिनिकने पेशंटचं नाव, पेसमेकरचा सीरियल नंबर आणि मॉनिटरचा नंबर कंपनीच्या साईटवर एकमेकांशी जोडावे लागतात. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, किंवा एक आकडा चुकतो. पेसमेकरचं ओळखपत्र आणि मॉनिटरच्या खालचं स्टिकर, दोघांचे फोटो काढून क्लिनिकला पाठवा आणि जुळतायत का ते त्यांच्याकडून वाचून घ्या. प्रत्येक कंपनीचा मॉनिटर तिच्याच पेसमेकरशी बोलतो, मेडट्रॉनिकचा मायकेअरलिंक, ॲबटचा मर्लिन, बोस्टन सायंटिफिकचा लॅटिट्यूड, बायोट्रॉनिकचा कार्डिओमेसेंजर, ही सगळी वेगवेगळी घराणी आहेत. ओळखीच्यांपैकी कोणाच्या वारलेल्या आईचा मॉनिटर पडून आहे म्हणून प्रेमाने आणून दिला तर कंपनी एक असली तरी तो तसाच लावून चालत नाही. आणि ज्यांच्याकडे ऑपरेशन व्हायचंय त्यांनी आधीच विचारा की सुचवलेल्या पेसमेकरमध्ये घरून मॉनिटरिंगची सोय आहे का आणि मॉनिटर पॅकेजमध्ये धरलाय का वेगळा घ्यावा लागेल, कारण सगळ्याच पेसमेकरमध्ये ती नसते.

मॉनिटरवर एरर कोड आला किंवा वेगळ्याच रंगाची लाईट लागली तर पुसून जायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, ब्लिंक होत असेल तर छोटा व्हिडिओ. "काहीतरी पिवळं पिवळं येतंय" असं फोनवर सांगून तासभर जातो, फोटो पाठवला की समोरच्याला लगेच कळतं.

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाणार असाल तर जायच्या आधीच क्लिनिकला कळवा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गावी आहोत. चार दिवसांसाठी न्यायची गरज आहे का ते तेच सांगतात, महिनाभरासाठी न्यावाच लागतो. पिशवीत मॉनिटर आणि ॲडॉप्टर एकत्र ठेवा, कारण ॲडॉप्टर मुंबईत राहतो आणि गावच्या बाजारात तो मिळत नाही. खोलगट वाडीत रेंज नसेल तर नाही, परत आल्यावर साठलेलं सगळं जातं. ओळखपत्र मात्र पेशंटच्या खिशातच ठेवा, बॅगेत नाही, मॉल, स्टेशन, मंदिर कुठेही मेटल डिटेक्टरपाशी ते दाखवायचं, दारासारख्या चौकटीतून न थांबता चालत जायचं आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नका.

शेवटचं म्हणजे संपर्काचा नंबर. बहुतेक ठिकाणी पेशंटचाच मोबाईल लिहून घेतात, आणि आप्पांसारखी माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, उचलला तरी "बरं बरं" म्हणून ठेवून देतात आणि घरात सांगायचं राहून जातं. क्लिनिकमध्ये जाऊन दोन नंबर लिहून द्या, एक घरात राहणाऱ्याचा आणि एक बाहेरच्या मुलाचा किंवा मुलीचा, आणि कुठल्या वेळेत फोन केला तर उचलला जाईल तेही सांगा. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत शेजारच्या ज्या घरात किल्ली असते त्यांचाही नंबर द्या, त्यांना एकदा बोलावून डबा, प्लग आणि बटण दाखवून ठेवा.